मोदकाला मखर, फुणक्याला लाज?



आपल्या चळवळीत स्वयंपाकघरावर लिहिणं अजूनही हलकं काम समजलं जातं. शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी, खासगीकरण, उपवर्गीकरण यावर लेख लिहिला तर तो वैचारिक. फुणक्यांवर लिहिला तर "ताई, रेसिपी कधीपासून टाकायला लागल्या?" म्हणून आधीच सांगून टाकते. हा लेख फुणक्यांवर आहे आणि वैचारिकही आहे. ज्या देशात कुणी कुणाच्या हातचं खावं यावर समाजाची उतरंड उभी आहे, त्या देशात चुलीला राजकारणाबाहेर ठेवण्याचा सल्ला दोघांच्याच सोयीचा असतो. एक, ज्याची चूल पिढ्यानपिढ्या सोवळ्यात राहिली तो. दुसरा, ज्याला चुलीजवळ कधी बसावंच लागलं नाही तो. या दुसऱ्यात आपले बरेच कार्यकर्ते येतात.

मी राहते ते कळंब, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाहेरच्यांना ते चिंतामणी गणपतीच्या देवळामुळे माहीत असतं. आपल्या लोकांना ते यवतमाळहून नागपूरला, म्हणजे दीक्षाभूमीला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव म्हणून माहीत. त्यामुळे अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या वस्तीत घरोघरी पाहुणे. मुंबईची आत्या, पुण्याचा चुलतभाऊ, नांदेडकडचे व्याही. दोन दिवस आधी येतात, एकत्र दीक्षाभूमीवर जातात, परत येऊन एक मुक्काम करतात. एरवी चार माणसांच्या घरात चौदा माणसं. आणि मग प्रश्न येतो, की पाहुण्यांना करायचं काय?

तो प्रश्न साधा वाटतो. पण यंदा गणपतीच्या दिवसांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जे भांडण पेटलं ते त्याचंच दुसरं टोक होतं. बौद्धांनी मोदक खावा की खाऊ नये? एकीकडे "बावीस प्रतिज्ञा विसरलात का?" म्हणणारे. दुसरीकडे "खाण्याला धर्म नसतो, दादा, जरा मोठे व्हा" म्हणणारे. आठवडाभर दोन्हीकडून संदेशांचा पाऊस. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र विचारलीच नाही. शेजारच्या घरातलं आपल्या घरात काय यावं यावर एवढा वाद घालणाऱ्यांनी, आपल्या घरातलं शेजारच्या घरात काय जातं, हे एकदा तरी पाहिलं आहे का?

पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी आधी फुणके म्हणजे काय ते सांगते. तुरीची डाळ, काही घरांत सोबत थोडी हरभऱ्याची, तीन-चार तास भिजवायची. पाणी निथळून हिरवी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून भरड वाटायची. फार बारीक वाटली तर फुणका चिकट होतो. त्यात बारीक चिरलेला कांदा आणि मूठभर सांबार मिसळायचा. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. मग ते वाटण मुठीत दाबून लांबट गोळे वळायचे, गंजात पाणी उकळत ठेवून वर चाळणीत मांडायचे आणि झाकण घालून वाफवायचे. मूठ आवळताना बोटांचे ठसे उमटतात, ते शिजल्यावरही फुणक्यावर राहतात. ताटात कुस्करायचे, वरून कच्चं तेल, सोबत ताकाची कढी, भाकर, कांदा. उरले तर सकाळी फोडणी देऊन. यात साचा लागत नाही, कळ्या मोजाव्या लागत नाहीत, एकवीसचा हिशेब नसतो. आमच्या कापूस-तुरीच्या मुलखातलं हे अन्न आहे, आणि ते काही एका जातीचं नाही. विदर्भ-खानदेशात अनेक समाजांच्या घरी फुणके होतात. म्हणून तर पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे मोठी माय डाळ वाटायला बसली, तशा मुंबईहून आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "पाहुण्याईले फुणके देता का वो? थोडंसं पनीर आना ना. जावई येऊन राह्यले."

मोठी माय म्हणाली, "जावयाचा बाप फुणके खाऊनच मोठा झाला."

सगळे हसले. पण पनीर आलंच. समोरच्या खोलीत जावयाला पनीर आणि पोळ्या गेल्या. मागच्या खोलीत बाया-पोरांनी फुणके खाल्ले. जावई शेवटी मागे आले आणि म्हणाले, "मले काहून नाही दिले?" तेव्हा पुन्हा सगळे हसले. मला मात्र त्या दोन खोल्यांतलं दार दिसत राहिलं. समोर दाखवायचं अन्न आणि मागे खायचं अन्न, ही वाटणी आपल्या घरात कुणी आणून घातली?

यात आत्याबाईंचा दोष नाही. ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधताना "तुम्ही काय खाता?" हा प्रश्न ऐकला आहे, त्यांना माहीत असतं की तो प्रश्न जेवणाचा नसतो. आडनाव विचारायची लाज वाटते म्हणून लोक जेवण विचारतात. अशा माणसांना पनीर हे सुरक्षित अन्न वाटतं, कारण पनीरवरून कुणाची जात कळत नाही. आपलं अन्न मागच्या खोलीत ढकलण्याची सवय अशी लागते. ती चवीतून येत नाही, भीतीतून येते. आणि ही भीती कल्पनेतली नाही, तिला इतिहास आहे.

२० मार्च १९२७. महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर काय झालं ते आपण भराभर सांगून पुढे जातो. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवून जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. परगावाहून आलेले आपले लोक तेव्हा जेवणाच्या गडबडीत होते. त्यांना मारलं, आणि त्यांचं अन्न मातीत मिसळलं. डोकं फोडायला लाठी पुरे होती. अन्न मातीत का मिसळलं? कारण हल्ला करणाऱ्यांना नेमकं माहीत होतं की एकत्र बसून सन्मानाने जेवणं हाच गुन्हा घडतो आहे. नंतर तळं "शुद्ध" करायला शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतल्या. माणसाच्या ओंजळीने जे बाटतं ते जनावराच्या शेणाने शुद्ध होतं, हे त्यांचं शास्त्र!

दुसरी घटना बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात स्वतः नोंदवली आहे. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव. तिथला एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रेहून परत आला आणि त्याने आपल्या जातभाईंना जेवण दिलं. पाहुण्यांना चांगलं खाऊ घालावं म्हणून जेवणात तूप वाढलं. पंगत बसली असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, पाहुण्यांना बडवलं. लोक ताटं सोडून पळाले. अपराध काय, तर यजमानाने तूप वाढलं आणि पाहुण्यांनी ते खाल्लं. तूप त्याच्या पैशाचं, घर त्याचं, पाहुणे त्याचे. तरी ते त्याने वाढायचं नाही, कारण तूप ही वरच्यांची खूण. गरम मोदक फोडून त्यावर तुपाची धार सोडतानाचे फोटो आज ज्यांच्या भिंतीवर असतात, त्यांनी चकवारा एकदा वाचावं. आणि "पाहुण्यांना काय करायचं हा घरगुती प्रश्न आहे" असं म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी दोनदा वाचावं. आपल्यासाठी पाहुण्यांना जेवू घालणं कधीच घरगुती नव्हतं.

"ताई, हे नव्वद वर्षांपूर्वीचं झालं." बरं, मग जवळचं सांगते. सप्टेंबर २०१७, पुणे. हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली. घरच्या गौरी-गणपतीच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी त्यांना ब्राह्मण सुवासिनीच हवी होती, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली खरी जात लपवली, असा आरोप. म्हणे सोवळं मोडलं, फसवणूक झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेतला. ओरड झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. ती स्वयंपाक करणारी बाई बौद्ध नव्हती, मराठा होती. आकाशातल्या ढगांचा अभ्यास करणाऱ्या, विज्ञानात आयुष्य घालवलेल्या व्यक्तीची तक्रार चवीची नव्हती, स्वच्छतेचीही नव्हती. तक्रार हाताची होती.

यातले दोन शब्द नीट पहा. "ब्राह्मण" आणि "सुवासिनी". म्हणजे हात योग्य जातीचा हवा, आणि त्या बाईचा नवराही जिवंत हवा. ब्राह्मण विधवेचाही हात चालत नाही. जात आणि बाईवरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात मांडलं आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांच्या आधाराने जात स्वतःला बंद करून घेते, हा त्यांचा सिद्धान्त. शंभर वर्षांनी पुण्यातल्या एका स्वयंपाकघराने तो पुन्हा सिद्ध करून दाखवला.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आत्याबाईंच्या पनीरपर्यंत येते. जात खाली कशी पसरली? बाबासाहेबांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेऊन सांगितलं की अनुकरणाने. अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जो जितका जवळ तो तितकं जास्त अनुकरण करतो. एम. एन. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' हा शब्द १९५२ च्या कूर्गवरच्या ग्रंथात रूढ केला. आम्हाला एमएला तोच शिकवला, १९१६ चा निबंध मात्र "जादा वाचन" म्हणून यादीच्या शेवटी होता. असो.

आता अनुकरण आपल्या डोळ्यांसमोर पहा. उकडीचा मोदक हा तांदूळ आणि नारळाच्या मुलखातला, म्हणजे कोकणातला. आमच्याकडे ना नारळ पिकतो, ना कळ्या पाडायला लागणारं ते पीठ घरोघरी असतं. इकडच्या सवर्णांच्या घरीही जास्त करून तळणीचेच मोदक. पण टीव्हीने, मासिकांनी आणि आता रील्सनी ठरवलं की उकडीचा मोदक म्हणजे "महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती". मग फुणके काय? तेही उकडलेलेच, तेही हाताने वळलेलेच, तेही याच महाराष्ट्रातले. डाळीचा गोळा "गावाकडचं काहीतरी" आणि तांदळाचा गोळा "संस्कृती", हे कुणी ठरवलं? पिठाने नाही ठरवलं. ज्यांच्या घरात तो गोळा होतो त्यांनी ठरवलं. माझी पुतणी पुण्याहून येताना मोदकाचा साचा घेऊन आली होती. तिला फुणका माहीत नव्हता. पोरीचा दोष नाही. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, मॉलमध्ये, फोनमध्ये तिला फुणका कधी भेटलाच नाही.

ही वाटणी मोडायचं काम काही लोकांनी केलं आहे. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नावर २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांच्या ताटात कोण नव्हतं, हे त्या एका अक्षरात आलं. प्रा. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात सहकारी-विद्यार्थ्यांसोबत दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केलं, ते २००९ मध्ये आलं. ही पुस्तकं आपल्या वाचनालयांत असायला हवीत. पण पुस्तक कपाटात ठेवून फुणके मागच्या खोलीतच राहणार असतील तर उपयोग शून्य.

आता मोदकाच्या भांडणाचं काय? माझं म्हणणं स्पष्ट आहे. तांदूळ, नारळ आणि गूळ यांनी आपलं काहीही बिघडवलेलं नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला ज्या प्रतिज्ञा दिल्या त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे, गुळाला नाकारण्याची नाही. मोदक आवडतो तर करा, खा. पण मखरासमोर ठेवून, हात जोडून, मग "फक्त खायला केला" म्हणू नका. पदार्थ आणि नैवेद्य यांतला फरक ज्याला कळत नाही त्याला प्रतिज्ञाही कळलेली नाही. तो मोदकाला घाबरणारा असो की मोदकासमोर झुकणारा.

हा फरक आपल्या परंपरेत फार जुना आहे. त्याच प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पिंड म्हणजे काय? भाताचा गोळाच. ब्राह्मणी विधीत तो गोळा मेलेल्यांसाठी असतो, कुळ-गोत्र उच्चारून दिला जातो, आणि कावळा शिवला की पोचला. आता पाली शब्द पहा, पिंडपात. भिक्खूच्या पात्रात पडणारा अन्नाचा गोळा. तोच 'पिंड'. पण तो जिवंत माणसासाठी, भुकेसाठी, आणि कुठल्याही घरातून आलेला. भिक्खूने घरं निवडायची नाहीत, जात विचारायची नाही, पात्रात पडेल ते खायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने रोज सकाळी दारोदार फिरून अन्नाची शिवाशिव मोडली. म्हणून आपल्याला विचारायचा प्रश्न "गोळा कुणाचा?" हा नाही. तो गोत्र सांगून मेलेल्याला चालला आहे, की न विचारता जिवंताच्या पात्रात पडतो आहे, हा आहे.

आणि इथेच मी सुरुवातीचा प्रश्न परत विचारते. आपल्या घरातलं शेजारच्या घरात काय जातं?

उत्तर भारताच्या संदर्भात समाजशास्त्रात कच्च्या आणि पक्क्या अन्नाचा भेद सांगतात. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं. ते फक्त आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या जातीच्या हातचं घ्यायचं. तुपात तळलेलं ते पक्कं, ते थोड्या खालच्यांकडूनही चालतं. आपल्याकडे हे शब्द कुणी वापरत नाही, पण व्यवहार पहा. मी गावोगाव बचत गटांच्या बैठका घेते. गटात सगळ्या जातींच्या बाया असतात. दिवाळीत बौद्ध बाईने दुकानातला सीलबंद पेढ्यांचा डबा नेला तर हसून घेतात. बिस्किटाचा पुडा चालतो. केळी चालतात. तिच्याच घरची वाफाळती फुणक्यांची ताटली नेली की, "ठेव ना बाई तिथं, आज चतुर्थी आहे", "आत्ताच जेवणं झाली", "माझं पोट बरं नाही". कारण सीलबंद डब्यावर कंपनीचा हात असतो. फुणक्यावर आपल्या बोटांचे ठसे असतात. सीलबंद डबा हे आजचं पक्कं अन्न आहे, आणि फुणका आजचं कच्चं.

उलट दिशेने मात्र वाट मोकळी. चिंतामणीचा प्रसाद आपल्या दारात येतो, गौरीच्या जेवणाचा डबा येतो, आणि आपण नाही म्हटलं की आपण "कट्टर" ठरतो. त्यांनी आपलं नाकारलं तर ती "घरची रीत", आपण त्यांचं नाकारलं तर तो "द्वेष". ही एकेरी वाहतूक ज्याला दिसत नाही आणि तरी जो "खाण्याला धर्म नसतो" म्हणतो, त्याला एवढंच सांगते: दादा, खाण्याला धर्म नसेलही, पण वाढणाऱ्या हाताला अजून जात आहे.

मग उपाय काय, सगळ्यांनी एका पंगतीत बसावं? तेही करून झालं आहे. समतानंद अनंत हरी गद्रे हे मनाने सच्चे सुधारक. त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला. अस्पृश्य जोडप्याच्या हातून पूजा आणि सगळ्यांना झुणका-भाकरीचा प्रसाद. त्या काळात ते धाडस होतं, नाकारायचं कारण नाही. पण त्यात झुणका बदलला आणि सत्यनारायण तसाच राहिला. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगून ठेवलं होतं की सहभोजनाने जात मरत नाही. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय, आणि त्याआधी शास्त्रांवरची श्रद्धा सुटली पाहिजे. आजचे नेते तर सहभोजनाच्याही मागे गेले. कर्नाटकात मे २०१७ मध्ये येडियुरप्पा दलिताच्या घरी नाश्ता करायला गेले, आणि इडल्या हॉटेलातून आणल्याचा आरोप झाला. बघा, तिथेही वाफवलेला गोळा आडवा आला! घर दलिताचं चालतं, फोटो चालतो, चुलीवरची वाफ चालत नाही.

इथपर्यंत वाचून जे भाऊ खुश झाले असतील त्यांच्यासाठी पुढचं.

आपल्या घरातली ती समोरची खोली आणि मागची खोली परत आठवा. समोर कोण बसलं होतं? दीक्षाभूमीवर जायच्या आदल्या रात्री समोरच्या खोलीत संविधान, आरक्षण, गटबाजी यांवर मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालते. मागच्या खोलीत त्याच वेळी चौदा माणसांच्या प्रवासाच्या भाकरी होतात. समोरून हाक येते, "चहा पाठव वो!" पहाटे बाया सर्वांत आधी उठतात, दीक्षाभूमीवर सर्वांत थकलेल्या पोचतात, आणि परत आल्यावर पुन्हा चुलीसमोर. शेवटी जेवतात, उरलेलं जेवतात. हे मनूने लिहिलेलंच घर आहे, फक्त भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा आहे.

२० जुलै १९४२ ला नागपूरला अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. तिथे बाबासाहेबांनी सांगितलं की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं, त्याची दासी होणं नाकारावं. ज्या माणसाने हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याच्या अनुयायांना डाळ वाटायला बसता येत नाही? सोवळं म्हणजे ठरावीक हातांनीच स्वयंपाकाला शिवायचं, हा नियम. आपल्या घरात पुरुषाचे हात पिठाला लागत नसतील तर आपल्याकडेही सोवळंच आहे. आपण ते बाहेरच्या दारावर मोडलं आणि आतल्या दारावर जपलं.

एक आक्षेप नेहमी येतो. "आपल्या जुन्या अन्नाचे गोडवे गाणं म्हणजे गरिबीचे गोडवे गाणं. बाबासाहेबांनीच तर मृतमांस सोडायला सांगितलं." अगदी बरोबर सांगितलं. मृतमांस आणि उष्टं हे आपल्यावर लादलेलं होतं, ते आपल्या गुलामीची पावती होती. ते सोडणं हा मुक्तीचा भाग होता. फुणका लादलेला नाही. तो आपल्या आज्यांनी ज्या शेतात राबल्या तिथल्या तुरीतून, स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या चुलीवर केलेला आहे. जे लादलं ते टाकायचं आणि जे घडवलं ते मिरवायचं, हा विवेक आहे. दोन्ही एकाच पोत्यात भरून फेकून देणं म्हणजे पुन्हा अनुकरण. आणि तुरीला गरिबांचं म्हणणाऱ्यांनी २०१५ आठवावं, तेव्हा हीच डाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली होती. पिकवणारा यवतमाळचा कास्तकार मात्र कर्जातच होता.

तर या अशोक विजयादशमीला काय करायचं? मोर्चा नको, ठराव नको. पाहुणे येतीलच. फुणके समोरच्या खोलीत करा. गंज, चाळणी, वाटलेली डाळ, सगळं बाहेर आणा. जावई, व्याही, भाऊ, शहरातली पोरं, सगळ्यांना एकेक मूठ वळायला लावा. वळता वळता पोरांना चकवारा सांगा, महाडच्या मातीत मिसळलेल्या अन्नाचं सांगा. कढी ढवळायला त्या भावाला बसवा जो दरवर्षी स्त्रीमुक्तीवर भाषण देतो. बाया आधी जेवू द्या. मग गरम फुणक्यांचा एक डबा शेजारच्या त्या घरी न्या जिथून दरवर्षी प्रसाद येतो. घेतला तर चांगलं. पण डबा घेतला म्हणून जात गेली, असा भाबडा समज करून घेऊ नका. त्या घरातली मुलगी तुमच्या घरात सून म्हणून यायला आणि तुमची त्यांच्यात जायला जोवर कुणी आडवं येतं, तोवर जात आहे. नाकारला तर रडू नका, वाद घालू नका. "का?" एवढं एकदाच, शांतपणे, सगळ्यांसमोर विचारा. त्या "का"चं उत्तर देताना आजवर ज्या शास्त्राच्या आड ते लपत आले, ते शास्त्र त्यांना तोंडाने उच्चारावं लागू द्या.

आणि पुढच्या वर्षी डबा परत न्या.

जय भीम, नमो बुद्धाय.